प्लास्टर वाळत नसतं हो!

आर्किटेक्चरच्या मॉडेलचे व्हिडिओ बघितले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "प्लास्टर वाळलं की साचा काढा". पण प्लास्टर वाळून कडक होतच नाही, पाण्याखाली ठेवलं तरी ते कडक होतं, आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट नेमकी हीच आहे.

प्लास्टर बनतं जिप्सम या खनिजापासून, आणि जिप्समच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. साधारण १५० डिग्रीला भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं, उरते ती पांढरी पावडर म्हणजे पीओपी, प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेऊन पुन्हा जिप्सम व्हायला लागते, सुईसारखे स्फटिक वाढतात, एकमेकांत घुसतात, गुंततात, आणि हे गुंतणं म्हणजेच कडक होणं. १०० ग्रॅम पावडरीला यासाठी जेमतेम १९ ग्रॅम पाणी पुरतं, पण तेवढ्यात ती ओतता येत नाही म्हणून आपण ६०-७० ग्रॅम घालतो, जास्तीचं नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात, म्हणून पातळ कालवलेलं प्लास्टर ठिसूळ. सेट होताना ते तापतं, जाड थराने तर चांगलंच भाजतं, त्यामुळे हात आत ठेवून साचा कधीच घेऊ नका.

वाळूत मात्र पाणी वेगळंच काम करतं. मॉडेलसाठी वाळूचाच साचा करायचा म्हणून मी पुठ्ठ्याच्या खोक्याला तळाशी चार भोकं पाडली, चिकटपट्टीने बंद केली, कोरडी वाळू भरली, खोकं विटांवर ठेवलं आणि पट्ट्या काढल्या. वाळू सांडत गेली आणि प्रत्येक भोकावर नरसाळ्यासारखा खड्डा झाला, दोन खड्डे भेटले तिथे धारदार कणा. उतार सगळीकडे ३०-३५ अंशांचा, खोकं लहान घ्या नाहीतर मोठं. जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओटो यांनी असेच वाळूचे प्रयोग केले होते. मग भोकं बंद करून वरून हलका स्प्रे मारला. कणाकणामध्ये पाण्याचे इवलेसे पूल होतात आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून बसतात, इथे कुठलीच रिॲक्शन नाही. नंतर चमच्याने हळूहळू प्लास्टर सोडलं.

अर्ध्या तासाने उलटं केलं तर चार सुळके उभे! स्प्रे पोचला नव्हता तिथे कोरड्या वाळूने प्लास्टर आत शोषून घेतलं होतं आणि दोन-तीन मिलिमीटरचा खरखरीत थर चिकटलेला, ओल्या जागी कणांमधली जागा आधीच भरलेली असल्यामुळे वाळू ब्रशने झटकली गेली आणि स्प्रेच्या थेंबांनी वाळूत पाडलेले खळगेसुद्धा प्लास्टरवर उंचवटे होऊन दिसत होते.

"निसर्गाने दिलेला आकार म्हणजे आपोआप मजबूत" असं जे सांगितलं जातं ते मात्र खरं नाही. हा उतार कणांच्या घर्षणातून येतो, असा आकार छपराला दिला तरी छपरावरच्या भाराशी त्याचा संबंध नाही. स्पॅनिश आर्किटेक्ट गाउदी साखळ्या टांगून आकार शोधायचा तिथे आकार वजनच ठरवत होतं, म्हणून तो उलटा केला की कमान होते.

शिल्पकार कोस्तांतिनो निवोला समुद्रकिनारी मुलांसोबत खेळताना ओल्या वाळूत ओतकाम करायला लागला, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ऑलिव्हेट्टी या टाइपरायटर कंपनीच्या शोरूमची अख्खी भिंत त्याने याच पद्धतीने केली. जपानच्या तेशिमा आर्ट म्युझियमचं छप्पर तर मातीच्या ढिगाऱ्यावर काँक्रीट ओतून केलंय, २५ सेंटिमीटर जाड, आत एकही खांब नाही. सेट झाल्यावर खालची सगळी माती खोदून बाहेर काढली.