वैजयंतीमाला

वैजयंतीमाला बाली (13 ऑगस्ट 1933 – ). ख्यातनाम भरतनाट्यम् नर्तकी, तमिळ, तेलुगू व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री आणि काही काळ संसद सदस्य. जन्म मद्रासमधील (आजचे चेन्नई) तिरुवल्लिक्केणी भागात, म्हैसूरकडून आलेल्या मंड्यम अय्यंगार कुटुंबात. वडील एम. डी. रामन. आई वसुंधरादेवी याही अभिनेत्री होत्या; जेमिनी स्टुडिओच्या ‘मंगम्मा शपथम्’ (1943) या तमिळ चित्रपटाने त्यांना कीर्ती मिळवून दिली. वैजयंतीमाला मात्र वाढल्या त्या आजी यदुगिरीदेवी यांच्या देखरेखीखाली. नृत्याचे शिक्षण, रियाज, कार्यक्रम आणि पुढे चित्रीकरणाच्या वेळची सोबत हे सारे आजीनेच सांभाळले.

जन्मवर्षाबाबत दोन मते आढळतात. काही चरित्रकोशांत 1936 हे वर्ष दिले आहे, इतरत्र 1933. त्यांचा पहिला चित्रपट ‘वाळ्कै’ 1949 च्या अखेरीस प्रदर्शित झाला. 1936 हे वर्ष धरल्यास त्या वेळी त्यांचे वय जेमतेम तेरा भरते. त्यात त्यांनी महाविद्यालयीन तरुणीची भूमिका केली आहे, हे पाहता 1933 हेच वर्ष अधिक संभवनीय वाटते. 2024 मधील त्यांच्या कार्यक्रमांच्या वृत्तांतही वय नव्वद असेच आले आहे. असाच प्रश्न व्हॅटिकनमधील त्यांच्या बालपणीच्या नृत्याबाबत उद्भवतो. पोप पायस बारावे यांच्यासमोर त्यांनी 1940 मध्ये नृत्य केले, असे बहुतेक ठिकाणी नमूद केलेले असते. पायस बारावे मार्च 1939 मध्ये पोप झाले, तेव्हा प्रसंग त्याआधीचा असू शकत नाही. सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात महायुद्ध सुरू झाले. अशा दिवसांत लहान मुलीला घेऊन केलेला कलाप्रवास युद्ध पेटण्यापूर्वीचा, म्हणजे 1939 च्या मध्याचा, मानणे सयुक्तिक ठरेल.

नृत्यशिक्षण. त्यांचे पहिले गुरू वळुवूर रामय्या पिळ्ळै (1910–1991), तर कर्नाटक संगीताचे गुरू मणक्काल शिवराज अय्यर. रामय्या पिळ्ळै हे मायावरमजवळच्या वळुवूर गावच्या नट्टुवनार परंपरेतले. नट्टुवनार म्हणजे टाळ वाजवत, तोंडाने जती (तालाचे बोल) म्हणत नर्तकीला ताल देणारा आणि तिची घडण करणारा गुरू. वळुवूर बाणी (नृत्यशैली) ओळखावी ती तिच्या लास्यावरून, म्हणजे नाजूक, डौलदार हालचालींवरून. पंदनल्लूर बाणीत रेषा सरळ आणि ताठ असतात, अरैमंडी (गुडघे बाहेर वळवून केलेली अर्धी बैठक) काटेकोर पाळली जाते. वळुवूर बाणीत अडवूंना (पाय, हात व धड यांच्या मूलभूत नृत्यहालचालींना) गोलाई येते, एका अडवूतून दुसऱ्यात जाताना धड हलके झुकते, जमिनीलगतच्या बैठका आणि शिल्पासारखे क्षणभर थांबलेले पवित्रे येतात. अभिनयात शृंगाराला मोकळी जागा असते. वैजयंतीमालांचे पडद्यावरील कोणतेही नृत्य पाहताना हे ध्यानी ठेवावे. चित्रपटात त्यांची मान, नजर आणि कंबर ज्या सहजतेने कॅमेऱ्याकडे वळते, तिचे मूळ या बाणीत आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. रामय्या पिळ्ळै स्वतः चित्रपटांसाठी नृत्ये बसवत असत. त्यामुळे रंगमंच आणि स्टुडिओ यांमध्ये इतर घराण्यांत जी भिंत होती, ती या गुरुगृही मुळातच बुटकी होती.

वैजयंतीमालांचे अरंगेत्रम् (रंगमंचावरील पहिला जाहीर कार्यक्रम) वयाच्या तेराव्या वर्षी झाले, असे सांगितले जाते. तो काळ या नृत्यासाठी मोठ्या उलथापालथीचा होता. देवदासींनी पिढ्यानुपिढ्या जपलेल्या ‘सदिर’ला प्रतिष्ठा मिळावी, म्हणून वकील ई. कृष्ण अय्यर यांनी चळवळ केली. ‘भरतनाट्यम्’ हे नाव कोणी रूढ केले, याविषयी कृष्ण अय्यर, संस्कृत पंडित व्ही. राघवन आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल अशी तीन नावे पुढे येतात. मद्रास म्युझिक अकॅडमीतील 1932 च्या सुमारास झालेली चर्चा पाहता कृष्ण अय्यर यांच्याकडे झुकते माप जाते. रुक्मिणीदेवींनी 1936 मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली. 1947 च्या मद्रास कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी आली. मंदिरातून आणि दरबारातून बाहेर पडलेले हे नृत्य ब्राह्मण घरांतील मुली शिकू लागल्या, त्या पहिल्या दोन पिढ्यांत वैजयंतीमाला येतात. हा पालट झाला तेव्हा ज्या देवदासी कलावतींच्या हातून विद्या आणि उपजीविका दोन्ही सुटल्या, त्यांची नावे कोशांत फारशी सापडत नाहीत. या नोंदीतही त्यांचे ऋण सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

तंजावरचा धागा. पुढील काळात वैजयंतीमालांनी तंजावरच्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै (1913–1999) यांच्याकडे शिक्षण घेतले. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा हा भाग आहे. किट्टप्पा हे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांचे वंशज. हे बंधू तंजावरच्या मराठा दरबारात, सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798–1832) यांच्या आश्रयास होते. आज भरतनाट्यम्‌च्या मैफलीत अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम् (शुद्ध नृत्य व अभिनय दोन्ही असलेली मुख्य रचना), पदम् आणि तिल्लाना असा जो क्रम पाळला जातो, त्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र हा क्रम त्यांनी नव्याने निर्माण केला की आधीपासून चालत आलेल्या बंधांची फेरमांडणी केली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजींच्या नावावर असलेली मराठी ‘निरूपणे’ जतन केलेली आहेत. त्यांत जय जय, शरणु शरणु, अलारू, शोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, मंगळ असे नृत्यबंध एकाच कथासूत्रात ओवलेले दिसतात, आणि त्यांचे साहित्य (गीतांचे शब्द) मराठीत आहे. अलारू हे अलारिप्पूचेच जवळचे रूप होय. तेव्हा दुसरे मत, म्हणजे फेरमांडणीचे, अधिक ग्राह्य वाटते. चित्रपटांत नाव झाल्यानंतरही किट्टप्पांसमोर बसून चतुष्टयाच्या जुन्या, क्वचितच सादर होणाऱ्या रचना शिकून घेणे, त्यांतला एकेक वर्णम् पाठ करणे, ही वैजयंतीमालांची कामगिरी त्यांच्या चित्रपटांइतकीच मोलाची आहे.

चित्रपट कारकीर्द. मद्रासच्या गोखले हॉलमध्ये त्यांचे नृत्य पाहून दिग्दर्शक एम. व्ही. रामन यांनी एव्हीएम या चित्रपटनिर्मिती संस्थेसाठी त्यांची निवड केली. ‘वाळ्कै’ तमिळमध्ये यशस्वी झाल्यावर तेलुगूत ‘जीवितम्’ (1950) आणि हिंदीत ‘बहार’ (1951) निघाला. हिंदीत स्वतःच्या आवाजात बोलता यावे, म्हणून त्या हिंदी प्रचार सभेत हिंदी शिकल्या. ‘नागिन’ने (1954) त्यांना देशभर पोहोचविले. हेमंतकुमारांच्या संगीतातील बीनचा तो प्रसिद्ध नाद प्रत्यक्षात क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजविला होता. आपल्याकडे वरातीत बँडवाल्यांनी ती धून धरली, की दातांत रुमाल धरून कोणी ना कोणी आजही रस्त्यावर लोळण घेतो.

केवळ नाचणारी नायिका, हा शिक्का पुसला तो बिमल रॉय यांच्या ‘देवदास’मधील (1955) चंद्रमुखीने. या भूमिकेसाठी मिळालेले साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांनी नाकारले. चंद्रमुखी ही पारोच्या बरोबरीची भूमिका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कथेतील चंद्रमुखीचे स्थान पाहता ते योग्यच होते. ‘साधना’ (1958), ‘गंगा जमना’ (1961) आणि ‘संगम’ (1964) यांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘गंगा जमना’तील धन्नोसाठी त्यांना पूरबी बोली आत्मसात करावी लागली. मद्रासमध्ये वाढलेल्या मुलीच्या तोंडी ती बोली कुठेही परकी वाटत नाही. दिलीपकुमार यांच्यासह त्यांनी ‘नया दौर’, ‘मधुमती’, ‘पैगाम’, ‘लीडर’ आणि ‘संघर्ष’ धरून एकूण सात चित्रपट केले.

नृत्याच्या दृष्टीने तीन चित्रपट विशेष नोंद घेण्याजोगे. एस. एस. वासन यांच्या ‘वंजिक्कोट्टै वालिबन’मध्ये (1958) वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांची नृत्यस्पर्धा आहे. पार्श्वगायिका पी. लीला आणि जिक्की यांच्या आवाजांवर दोघी आलटून पालटून नाचतात, जती वाढत जातात आणि अभिनेते पी. एस. वीरप्पांच्या तोंडून ‘सबाष, सरियान पोट्टी!’ (शाबास, चढाओढ तोलामोलाची आहे!) असे उद्गार येतात. तमिळ भाषकांत ते म्हणीसारखे झाले आहेत. ‘आम्रपाली’तील (1966) नृत्ये गोपीकृष्ण यांनी बसविली. वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथय्या यांची. त्यासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला होता. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही, पण ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो पाठविण्यात आला. ‘ज्वेल थीफ’मधील (1967) ‘होठों में ऐसी बात’ या गाण्याचे नृत्यदिग्दर्शन सोहनलाल यांचे. तालवाद्यांच्या गजरात वैजयंतीमाला गिरक्या घेत पुढे सरकतात, कॅमेरा त्यांच्यामागे धावतो, आणि पाय व मुद्रा यांचा हिशेब कुठे चुकत नाही. चेहऱ्यावर मात्र त्याच वेळी नायकाला सावध करण्याची धडपड दिसते. पायांत नृत्त (केवळ तालावरचे शुद्ध नृत्य) आणि डोळ्यांत अभिनय, दोन्ही एकाच वेळी सांभाळणे ही वर्णम्‌ने दिलेली शिस्त होय.

1968 मध्ये डॉ. चमनलाल बाली यांच्याशी विवाह झाला. ‘गंवार’ (1970) हा शेवटचा चित्रपट. त्यानंतर चित्रपटात पुनरागमनाची निमंत्रणे त्यांनी स्वीकारली नाहीत. रंगमंचावरचे नृत्य मात्र कधीच थांबले नव्हते.

दक्षिण मद्रास मतदारसंघातून 1984 व 1989 मध्ये त्या काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आल्या. 1993 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. 1999 मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. पद्मश्री (1968), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (1982) आणि पद्मविभूषण (2024) हे त्यांचे प्रमुख सन्मान. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार भरतनाट्यम्‌साठी आहे. आत्मचरित्र 2007 मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झाले.

2024 च्या आरंभी अयोध्येच्या राममंदिरातील रागसेवेत त्यांनी नृत्यसेवा केली. तिच्या ध्वनिचित्रफितीत वयाच्या नव्वदीतील वैजयंतीमाला नऊवारीसारख्या कासोट्याच्या पेहरावात, बेतशीर पावले टाकत, मुख्यतः हस्तमुद्रा आणि नजर यांतून अभिनय करताना दिसतात.