बूट मेनू, लिनक्समधील

संगणक चालू केल्यावर फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला आरंभीचा कार्यक्रम) आपले काम आटोपते आणि लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) मेमरीत चढते, या मधल्या टप्प्यात बूटलोडर, म्हणजे कर्नल चढवणारा कार्यक्रम, दाखवतो ती पर्यायांची यादी. बहुतेक वितरणांत (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार रूपांत) हा बूटलोडर ग्रब असतो. पूर्वी प्रचारात असलेल्या लिलो या बूटलोडरचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. (पुढील फाइली, आज्ञा, चले म्हणजे सेटिंगची नावे व त्यांची मूल्ये उच्चारानुसार दिली आहेत, टंकताना ती रोमनमध्ये, चले मोठ्या अक्षरांत लिहावीत.)

ग्रबचा आरंभ सामान्यतः १९९५ चा मानतात. एरिक बोलिन यांनी तो ग्नू हर्ड (ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची प्रणाली) सुरू करण्यासाठी लिहिला. लिनक्स हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिग्काइट व योशिनोरी ओकुजी यांनी तो ग्नूचे अधिकृत पॅकेज म्हणून पुढे नेला. ग्रब-२ ला काही ठिकाणी याच कार्यक्रमाची सुधारित आवृत्ती म्हटले जाते. परंतु तो ओकुजींच्या प्यूपा प्रकल्पातून नव्याने लिहिला गेल्याने त्यास स्वतंत्र रचना मानणे अधिक सयुक्तिक. २.०० ही आवृत्ती २०१२ ची. व्यवहारातही हा भेद जाणवतो : डिस्कची गणती दोन्हींत ० पासून होते, मात्र पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) जुन्या ग्रबमध्ये ० पासून व ग्रब-२ मध्ये १ पासून. जुनी मार्गदर्शने नव्या यंत्रावर फसतात त्याचे हे एक कारण.

ग्रब-२ ची मेनू फाइल, ग्रब.सीएफजी, आपोआप तयार होते. तीत हाताने केलेले बदल ती पुन्हा तयार होताच, बहुधा पुढच्या कर्नल अद्ययावतीकरणात, पुसले जातात. म्हणून बदल /इटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीत करून डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-ग्रब’ आणि इतरत्र ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ ही आज्ञा चालवतात.

ग्रब_डीफॉल्ट या चलात आपोआप निवडायची नोंद देतात. क्रमांक ० पासून मोजतात. दुसऱ्या नोंदीच्या उपमेनूतील तिसरी नोंद ‘१>२’ अशी, अवतरणचिन्हांतच लिहावी. ही फाइल शेल (आज्ञा चालवणारा कार्यक्रम) वाचते. चिन्हे वगळल्यास > हे पुनर्निर्देशन (निकाल फाइलीत वळवण्याची खूण) ठरून चलात नुसता १ राहतो व ‘२’ नावाची रिकामी फाइल तयार होते. नवे कर्नल आले की क्रमांक सरकतात, तेव्हा नोंदीचा आयडी देणे बरे. चलाचे मूल्य ‘सेव्हड’ ठेवल्यास निवड ‘ग्रब-सेट-डीफॉल्ट’ने ठरवता येते आणि ‘ग्रब-रीबूट’ने एकाच खेपेपुरती बदलता येते. ही निवड ग्रबएन्व्ह या १,०२४ बाइटांच्या फाइलीत राहते. ग्रब फाइल सिस्टिम वाचतो, पण लिहिताना फाइलीचे आधीच असलेले ब्लॉक तेवढे जागच्या जागी बदलतो. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, एलव्हीएम किंवा रेड (डिस्क विभागण्याच्या वा जोडण्याच्या पद्धती) यांवर हे साधत नाही. त्यामुळे तेथे एकदाच म्हणून केलेली निवड पुसली जात नाही. ती हाताने काढेपर्यंत तीच नोंद सुरू होत राहते.

ग्रब_टाइमआउट सेकंदांत असतो. ० दिल्यास लगेच बूट होते, -१ दिल्यास निवड होईपर्यंत मेनू थांबतो. लपवलेला मेनू बायोसवर (जुन्या प्रकारचे फर्मवेअर) शिफ्ट धरून, यूईएफआयवर (नव्या प्रकारचे) एस्केप दाबून उघडतात. एस्केप जास्त वेळा दाबला गेला तर ग्रबची आज्ञा-ओळ येते. तेथे ‘नॉर्मल’ टंकून परतता येते.

पडदा काळा राहिल्यास नोंदीवर ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (कर्नलला पडद्याची मांडणी बदलू न देणारा पर्याय) जोडावे आणि एफ१० ने बूट करावे. हा बदल त्या खेपेपुरताच. कायम करायचा तर ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्टमध्ये लिहावा.

शेजारची विंडोज यादीतून नाहीशी होणे ही सर्वांत सामान्य तक्रार. २.०६ पासून (२०२१) इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर ‘फॉल्स’ करून मेनू पुन्हा तयार करावा.

यूईएफआय यंत्रांवरील सिस्टमडी-बूट या दुसऱ्या बूटलोडरमध्ये लोडर.कॉन्फ ही लहान फाइल थांबण्याचा वेळ व आपोआप निवडायची नोंद ठरवते. प्रत्येक नोंदीची स्वतंत्र मजकूर फाइल ठेवता येते.