काच स्वच्छ आहे, पण फोकस? रेंजफाइंडरची ९० एमएम घेताना

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला एसएलआरची जुनी, वापरलेली ८५ एमएम लेन्स कशी पारखायची हे समजावून सांगायला नको. लेन्समधून जे दिसतं तेच फिल्मवर उतरतं. त्यामुळे बॅटरी मारून बुरशी बघायची, ॲपर्चरच्या (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल बघायचं, रिंग फिरवायची, सौदा पक्का.

रेंजफाइंडरची छोटी ९० एमएम घेतानाही लोक एवढंच बघतात आणि तिथेच फसतात. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. झाकण लावून अख्खा रोल काढला तरी कळत नाही. लेन्सच्या मागचा कॅम, म्हणजे रिंगबरोबर सरकणारी कड, बॉडीतल्या दांडीला ढकलतो, दांडी खिडकीतली दुसरी प्रतिमा सरकवते आणि दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला असं आपण धरतो. लायका कंपनीच्या एम मालिकेच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत ही दांडी साधारण ५० एमएमच्या हालचालीला जुळवलेली असते. ९० एमएम तेवढ्याच अंतरासाठी बरीच जास्त पुढे सरकते, म्हणून तिची सरक त्या मापात बदलून दांडीला द्यावी लागते. कुणी साफसफाईसाठी लेन्स खोलून हेलिकॉइड (लेन्स पुढे-मागे सरकवणारा आट्यांचा भाग) चुकीच्या आट्यावर बसवला, की खिडकीत प्रतिमा जुळतात आणि फोटोत डोळ्याऐवजी कान धारदार येतो.

विकणारे दाखवतात काय, तर मिररलेस डिजिटल कॅमेऱ्याला ॲडॅप्टर लावून काढलेले फोटो! त्यातून फक्त काच कळते. तिथे फोकस सेन्सरवरच्या चित्रावरून होतो, कॅमचा संबंधच येत नाही. अशा लेन्सला ‘टेस्टेड’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

स्वतःची बॉडी घेऊन जा. आधी खात्रीची ५० लावा, रिंग अनंतावर टेकवा आणि बीबी का मकबऱ्याच्या मिनारासारखी लांबची उभी कड खिडकीत जुळते का बघा. मग ९० लावून तेच करा. दोन्ही चुकल्या तर दोष बॉडीत, फक्त ९० चुकली तर लेन्समध्ये. त्यानंतर मोजपट्टी तिरपी ठेवून एक मीटरवरून, ॲपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. एफ/२.८ ला तिथे फोकसची खोली जेमतेम दोन सेंटीमीटर असते. भोक लहान करून एफ/८ ला केलेली चाचणी फुकट. तिच्यात दोष झाकला जातो.

माझी पसंती एफ/४ लाच. रेंजफाइंडरचा पाया म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर; तो लहान तितका फोकस कमी अचूक, आणि मोठ्या ॲपर्चरला तो पुरत नाही. १९७३ च्या लायका सीएलचा पाया ३१.५ मिलिमीटर, ०.६ पट व्ह्यूफाइंडरमुळे परिणामी १९ सुद्धा नाही. लायका एम६ चा परिणामी पाया जवळपास ५०. सीएलसाठी लायका बनवणाऱ्या लाइट्झने ९० एमएम दिली तीही एफ/४ चीच. त्या बॉडीवर एफ/२ ची ९० लावू नये. आणि जायकवाडीच्या पक्ष्यांसाठी ९० शोधत असाल तर रेंजफाइंडरच सोडा.

बुरशीचं थोडक्यात: मराठवाड्याची कोरडी हवा लेन्सला मानवते, पण कोकणात पावसाळे काढलेली लेन्स इथे आली म्हणून बरी होत नाही.

कुरिअरने मागवणार असाल तर रोल धुऊन येईपर्यंत परत करण्याची मुदत आधी लेखी घ्या, पैसे मग पाठवा.