मायकोरायझा खत नव्हे

कृषी सेवा केंद्रात मायकोरायझा खताच्या रांगेत मांडलेला असतो. तो खत तर नाहीच, पण काटेकोर बोलायचं तर एकट्या बुरशीचंही हे नाव नाही. ट्रफल या जमिनीखालच्या खाद्य बुरशीची लागवड प्रशियात जमेल का, हे पाहायचं काम आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होतं. ट्रफल राहिलं बाजूला. जंगली झाडांच्या मुळांची टोकं बुरशीनं वेढलेली दिसली. मूळ आणि बुरशी मिळून झालेल्या या जोडअवयवाला १८८५ साली त्यांनी ग्रीक 'मायकेस' म्हणजे बुरशी आणि 'रायझा' म्हणजे मूळ, असं जोडनाव दिलं.

आपल्या ज्वारी-तुरीत प्रकार वेगळा. इथं बुरशी मुळाच्या पेशीभित्तिकेतून आत जाते, पण पेशीपटल फाडत नाही. पटल आत दाबत ती झुडपासारखी फांदते. हे आर्बस्क्यूल. काही दिवसांत ते विरतं, नवं तयार होतं. देवघेव इथंच चालते. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत जवळजवळ हलत नाही: चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला चिकटतो, जांभ्या जमिनीत लोह-ॲल्युमिनियमला. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटरभर पट्टा रिकामा करून उपाशी बसतं. बुरशीचे काही मायक्रॉन जाडीचे धागे, म्हणजे कवकतंतू, तो पट्टा ओलांडून सेंटिमीटरभर पलीकडचा स्फुरद आणतात. बदल्यात साखर आणि मेदाम्लं घेतात. ही मेदाम्लं या बुरशीला स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही.

स्फुरद कमी असला की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन हे संप्रेरक सोडून बुरशीला बोलावतं. मुबलक असला की बोलावणं बंद. म्हणून मायकोरायझाची पुडी टाकलेल्या खड्ड्यातच डीएपी या स्फुरदयुक्त खताचा भरघोस डोस टाकला तर पुडी वाया. पानांवर फवारून उपयोग नाही, ती मुळाला लागली पाहिजे. कोबी, मोहरी, पालक ही पिकं मुळात या बुरशीशी जोडीच करत नाहीत.

पुडीनं काम केलं का, याची खात्री करायची तर बारीक मुळं धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत उकळावीत. हातमोजे, चष्मा हवाच. मग धुऊन, ५ टक्के शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीत. पुडी न टाकलेल्या ओळीतली मुळंही सोबत रंगवावीत. तिथंही तेवढीच आर्बस्क्यूल दिसली, तर शेतातली मूळची बुरशीच काम करते आहे. पुढच्या हंगामात पुडी घेऊ नये.