रंगीत रोल घेण्याआधी

‘चांगला रोल कोणता?’ असं आमच्या फिल्म धुण्याच्या दुकानात काउंटरवर विचारलंत की आम्ही उलट विचारतो, फोटो कुठे काढणार? किमतीचं नंतर बोलू.

लख्ख उन्हात कुठलाही रोल चालतो. २००चा रोल (हा आकडा म्हणजे आयएसओ; तो जितका मोठा, तितका फिल्मला उजेड कमी पुरतो), लेन्सचं छिद्र एफ/१६, शटर १/२५० सेकंद; उजेड मोजणारं मीटर बंद पडलेल्या कॅमेऱ्यातही फोटो येतो. गोची होते घरात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बारशाचे फोटो १००च्या रोलवर काढायला जाल, तर लेन्स एफ/२ला उघडूनही शटर १/८वर येतं. बाळ हलणार, तुमचा हातही हलणार. ४००वर तेच १/३० होतं, निभावतं. म्हणून पहिलाच रोल असेल तर आम्ही कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० काढून देतो. लग्नकार्य असेल तर पोर्ट्रा ४००. महाग आहे, पण चेहऱ्याचे रंग सौम्य येतात. एकटार १००चा दाणा, म्हणजे फोटोत दिसणारे ठिपके, अगदी बारीक, रंग मात्र भडक, चेहऱ्यावर लाली चढवतो. कासच्या फुलांना उत्तम. नवरीला नको.

वरचे रोल निगेटिव्हचे, म्हणजे फिल्मवर रंग उलटे उमटतात. निगेटिव्हला उजेड जास्त झाला तर ती सोसते, कमी पडला तर नाही. कमी उजेडाची पट्टी लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजळलेल्या काचेवर, ठेवून बघा, सावलीच्या जागी नुसता कोरा नारिंगी रंग दिसेल. तिथे काही उमटलेलंच नाही, तर स्कॅनर काय काढणार? शंका आली की एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. स्लाइडचं, म्हणजे ज्या फिल्मवर थेट खरे रंग उमटतात तिचं, बरोबर उलट. एक्टाक्रोम किंवा वेल्वियावर अर्धा-एक स्टॉप जास्त गेला की आकाश पांढरंफटक. शिवाय दोन्हींची धुण्याची केमिकल वेगळी: स्लाइड ई-६मध्ये धुतात, निगेटिव्ह सी-४१मध्ये. तेव्हा रोल देताना तोंडाने सांगा, डबीवरचं नाव पुसलेलं असतं कधीकधी.

सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल हल्ली बरेच जण वापरतात. त्यांतल्या बऱ्याच फिल्मच्या पाठीला काजळीसारखा थर असतो, तो धुताना सुटतो. न सांगता आलेल्या अशा एका रोलने आमची टाकी काळी केली, सगळं केमिकल ओतून द्यावं लागलं. त्यातला ५००टी पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी केलेला आहे, दिवसा फिल्टरशिवाय वापरलात तर सगळं निळसर येईल. आणि अशा डबीवर डीएक्सची चंदेरी चौकट, जी वाचून कॅमेरा आयएसओ ओळखतो, बहुधा नसते. मग बरेच ऑटोमॅटिक कॅमेरे १०० धरून चालतात. आयएसओ हाताने लावता येतो का, ते आधी बघा.

रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेरची प्लास्टिकची डबी उघडण्याआधी दोन-तीन तास बाहेर राहू द्या. पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

माळ्यावर जुना रोल सापडला तर फेकू नका, दाखवायला आणा. फक्त डबीवर ‘कोडाक्रोम’ असेल तर रंगांची आशा सोडा. तो रंगीत धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससला होती, तिने २०१०च्या अखेरीस नवे रोल घेणं थांबवलं. आता त्यातून निघालीच तर ब्लॅक अँड व्हाइट चित्रं निघतात.