डेस्कटॉप डेटाबेस : आवृत्तीबदल

एकट्या संगणकावर किंवा कार्यालयातल्या पाच-दहा संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती सोडून नवी वापरात आणणे, आणि त्यासाठी फाईली, कोड व माणसांच्या सवयी यांत करावे लागणारे फेरबदल, याला आवृत्तीबदल म्हणतात. डीबेस, पॅराडॉक्स, फॉक्सप्रो, मायक्रोसॉफ्ट ऍक्सेस, फाईलमेकर, लिबरऑफिस बेस ही या वर्गातली ठळक नावे. मोठ्या सर्व्हर डेटाबेसच्या बाबतीत हे काम तंत्रज्ञांची तुकडी करते. डेस्कटॉपवर मात्र डेटा, क्वेरी (डेटातून हवे ते शोधणारे प्रश्न), फॉर्म (नोंदी भरण्याचे पडदे), रिपोर्ट (अहवाल) आणि कोड बहुतेकदा एकाच फाईलमध्ये नांदतात, आणि ती फाईल बांधणारा माणूस कित्येकदा हिशेबनीस, ग्रंथपाल किंवा संशोधक असतो. त्याने वर्षानुवर्षे थोडे थोडे करून उभे केलेले काम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालेल की नाही, हे त्यालाही फाईल उघडेपर्यंत ठाऊक नसते.

नवी आवृत्ती बाजारात येताच घेऊ नये, हा या क्षेत्रातला जुना सल्ला आहे. त्यामागे डीबेसचा अनुभव आहे. डीबेस तीन प्लसवर अनेकांचे रोजचे काम चालत असताना ऍश्टन-टेट कंपनीने १९८८ मध्ये डीबेस चार आणले. त्यात इतके दोष होते की १९९० मध्ये १.१ ही सुधारित आवृत्ती येईपर्यंत पुष्कळ जण जुन्यावरच थांबले, काही फॉक्सबेस आणि क्लिपर या डीबेसशी मिळत्याजुळत्या प्रोग्रामांकडे वळले. १९९१ मध्ये बोर्लंडने ऍश्टन-टेट विकत घेतली.

फाईलचे रूपांतर हा या कामातला सर्वांत सोपा भाग. प्रोग्राम जुनी फाईल ओळखतो, रूपांतर करू का म्हणून विचारतो आणि काही मिनिटांत नवी फाईल तयार होते. ऍक्सेसची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९२ मध्ये आली. तेव्हापासून तिच्या फाईलचे स्वरूप अनेकदा बदलले, पण खरी वळणे दोन. ऍक्सेस ९७ मधले जेट ३.५ इंजिन (डेटा साठवणारा आणि शोधणारा आतला भाग) जाऊन ऍक्सेस २००० मध्ये जेट ४.० आले. डेटा साठवण्याचे पान २ केबीवरून ४ केबीचे झाले, फाईलची कमाल मर्यादा १ जीबीवरून २ जीबीवर गेली आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या पद्धतीत, साठू लागला. दुसरे वळण ऍक्सेस २००७ चे. एमडीबी या जुन्या फाईल-स्वरूपाच्या जागी एसीसीडीबी हे स्वरूप आले, आणि सोबत एसीई हे नवे इंजिन.

फाईलमेकरमध्ये असेच वळण २००४ साली आवृत्ती ७ ने आणले. त्याआधी एका फाईलमध्ये एकच टेबल मावत असे, त्यामुळे ग्राहक, पावत्या आणि वस्तू अशा तीन टेबलांची व्यवस्था म्हणजे तीन फाईलींचा जुडगा. आवृत्ती ७ मध्ये अनेक टेबले एका फाईलमध्ये ठेवता येऊ लागली, पण रूपांतराने जुन्या तीन फाईलींच्या नव्या तीनच फाईली होत. त्या एकत्र करणे हे माणसाचेच काम राहिले.

युनिकोडबद्दल देवनागरीत नोंदी ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. जुन्या फाईलमधला मजकूर केवळ विशिष्ट फॉन्टमुळे देवनागरी दिसत असेल, तर टेबलात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचेच संकेत साठलेले असतात. रूपांतरात तेच संकेत इमानेइतबारे युनिकोडमध्ये येतात आणि मजकूर तितकाच दुर्बोध राहतो. त्यासाठी फॉन्टनिहाय लिप्यंतर वेगळे करावे लागते, आणि तेही मूळ फॉन्ट हाताशी असेतोवर केलेले बरे.

खरी कसोटी लागते ती कोडची. ऍक्सेसमधला कोड बाहेरच्या अनेक लायब्ररींचा (तयार कोडच्या संचांचा) आधार घेतो आणि त्यांची यादी 'रेफरन्सेस' या खिडकीत असते. नव्या संगणकावर त्यातली एखादी लायब्ररी नसली की तिच्यापुढे 'मिसिंग' असा शेरा येतो. चमत्कारिक भाग पुढे आहे. हरवलेली लायब्ररी कॅलेंडरची असते, पण अडखळतात 'डेट', 'लेफ्ट', 'फॉरमॅट' यांसारखी रोजची साधी फंक्शने, ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो. प्रोग्राम त्या फंक्शनवर बोट ठेवून 'प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही' असे सांगतो आणि माणूस भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो. कॅलेंडरचे उदाहरण खरोखर घडणारे आहे. ऑफिससोबत येणारे कॅलेंडर कंट्रोल २०१० च्या आवृत्तीत काढून टाकले गेले आणि ते लावलेले फॉर्म अडले. तारखेच्या रकान्यात आपोआप उघडणारे कॅलेंडर २००७ पासूनच मिळत होते, त्यामुळे दुरुस्ती सोपी होती. कारण सापडणे तेवढे अवघड होते.

डीएओ आणि एडीओ या दोन लायब्ररींचा घोळही असाच. ऍक्सेस ९७ मध्ये डेटा हाताळण्याची प्रचलित लायब्ररी डीएओ होती. २००० मध्ये नव्याने बनवलेल्या फाईलला मात्र एडीओचाच संदर्भ मिळे. 'रेकॉर्डसेट' (रेकॉर्डांचा संच) हा प्रकार दोन्हींत आहे, पण दोन्ही रेकॉर्डसेट एक नव्हेत. जुना कोड नव्या फाईलमध्ये आणून डीएओ यादीत खाली जोडला, तर प्रोग्राम वरचा म्हणजे एडीओचा अर्थ घेतो आणि त्रुटी क्रमांक १३, 'टाईप मिसमॅच' म्हणजे प्रकार जुळत नाही, पुढे येते. उपाय एका शब्दाचा: रेकॉर्डसेटच्या आधी डीएओ असे स्पष्ट लिहायचे. २००३ पासून नव्या फाईलला डीएओही आपोआप जोडला जाऊ लागला.

त्रुटीचा संदेश देणारा बिघाड तसा प्रामाणिकच. प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक भीती बाळगावी ती गुपचूप बदलणाऱ्या उत्तरांची. डीएओमधून शोध घेताना 'पुढे काहीही' या अर्थी तारांकन लिहितात, तर एडीओमधून त्याच अर्थी टक्क्याचे चिन्ह लागते. जुना शोध तारांकनासह एडीओतून चालवला तर प्रोग्राम कुठलीच तक्रार करत नाही, फक्त एकही रेकॉर्ड परत देत नाही. पाहणाऱ्याला वाटते, नोंदच नसेल. दोन अंकी वर्षाचेही तसेच. ऍक्सेस २.० मध्ये '०५' म्हणजे १९०५ धरले जाई. ऍक्सेस ९७ मध्ये ०० ते २९ हे अंक २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ हे १९३० ते १९९९ समजले जाऊ लागले. जन्मतारखा भरणाऱ्या माणसाला हा बदल पडद्यावर कुठेच दिसत नव्हता, कारण दाखवतानाही वर्ष दोन अंकीच दिसे.

काही गोष्टी नव्या आवृत्तीत गळून पडतात. एमडीबीमध्ये कोणाला कोणते टेबल दिसावे हे वापरकर्त्यागणिक ठरवता येई. एसीसीडीबीमध्ये ती सोयच नाही. संपूर्ण फाईलला एक पासवर्ड लावता येतो आणि त्याचे एन्क्रिप्शन पूर्वीपेक्षा भक्कम आहे, पण तो ज्याच्याकडे आहे त्याला सगळेच उघडे. पगाराचे टेबल असलेल्या फाईलचे रूपांतर करण्याआधी याचा विचार झालाच पाहिजे. ऍक्सेस २०१३ ने ९७ च्या फाईली उघडणेच बंद केले, त्यामुळे इतक्या जुन्या फाईलला २०१० किंवा त्याआधीच्या एखाद्या आवृत्तीतून पायरीपायरीने वर आणावे लागते. उलट दिशेची वाटही अरुंद आहे. अलीकडच्या ऍक्सेसमध्ये 'लार्ज नंबर' या प्रकाराचा एक रकाना जरी टेबलात घातला, तरी ती फाईल जुन्या आवृत्त्यांना उघडता येत नाही. २०१० पासून ६४ बिटी ऍक्सेस मिळू लागला. त्यात विंडोजची फंक्शने थेट बोलावणाऱ्या कोडमधल्या प्रत्येक घोषणेत ('डिक्लेअर' ओळीत) 'पीटीआरसेफ' हा शब्द घालावा लागतो, आणि ३२ बिटी ड्रायव्हर (बाहेरच्या डेटाशी जोडणारे प्रोग्राम) चालत नाहीत.

आता माणसांकडे. ऍक्सेस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आली आणि टेबले, फॉर्म वगैरेंची यादी दाखवणाऱ्या डेटाबेस विंडोच्या जागी डावीकडे नेव्हिगेशन पेन बसले. अनोळखी ठिकाणाहून उघडलेल्या फाईलमधला कोड बंद ठेवून वर सूचनेची एक पट्टी दिसू लागली. ती पट्टी न वाचता कामाला लागलेल्याचे बटण दाबूनही पुढे काही सरकेना, आणि 'डेटाबेस बिघडला' असा बोभाटा होई. फाईल विश्वासू फोल्डरमध्ये ठेवली की प्रश्न मिटतो. दिवसभर नोंदी भरणाऱ्याचा हात मात्र पडद्यापेक्षा कळांवर अधिक विसंबतो, आणि तिथे दिलासा आहे. एफ ११ ने पूर्वी डेटाबेस विंडो उघडे, आता नेव्हिगेशन पेन उघडते. कंट्रोलसोबत अर्धविरामाची कळ दाबली की आजची तारीख येते. कंट्रोलसोबतच अवतरणचिन्हाची कळ दाबली की वरच्या रेकॉर्डमधल्या त्याच रकान्यातला मजकूर खाली उतरतो. या कळा बदललेल्या नाहीत. प्रशिक्षणाची सुरुवात रिबनच्या नकाशाऐवजी न बदललेल्या या कळांपासून केली तर माणूस लवकर सावरतो. त्याच्या शेजारी अर्धा तास बसून तो काय काय दाबतो हे लिहून घ्यावे; कोणत्याही पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी तिथे कळतात.

प्रत्यक्ष काम करताना मूळ फाईलला हात न लावता प्रतीवर करावे. आधी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' (फाईल आटोपशीर व दुरुस्त करणारी आज्ञा) चालवावे आणि कोड जुन्याच आवृत्तीत पूर्ण कंपाईल होतो का, म्हणजे चुकीशिवाय यंत्राच्या भाषेत उतरतो का, पाहावे. जुन्या घरातला कचरा नव्या घरात नेऊ नये. फाईलचे दोन भाग करणे, म्हणजे टेबले मागच्या फाईलमध्ये आणि फॉर्म, रिपोर्ट, कोड पुढच्या फाईलमध्ये, हे सर्वांत उपयोगी पडते. सगळे संगणक एका दिवसात बदलत नाहीत, त्यामुळे मागची फाईल सर्वांत जुन्या आवृत्तीच्या स्वरूपात ठेवायची आणि पुढची ज्याच्या त्याच्या आवृत्तीत. मग काही काळ जुनी व नवी व्यवस्था समांतर चालवून रेकॉर्डांची संख्या, रकमांच्या बेरजा आणि गटवार उपबेरजा ताडून पाहायच्या. वर्षातून एकदाच चालणारा वर्षअखेरीचा कोड या तपासणीत हमखास सुटतो. तो मागच्या वर्षाच्या डेटावर मुद्दाम चालवून जुन्या छापील अहवालाशी जुळवावा.

कधी पुढची आवृत्तीच येत नाही. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले, आणि नवव्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. फॉर्म आणि कोड तिथेच थांबले. डेटा ज्यांत साठतो त्या डीबीएफ फाईलींची रचना मात्र उघड आणि साधी आहे: आरंभी ३२ बाइटचा मथळा, मग प्रत्येक रकान्याचे ३२ बाइटचे वर्णन, त्यानंतर ठरावीक लांबीचे रेकॉर्ड एकामागोमाग एक. लिबरऑफिस कॅल्कमध्ये आजही अशी फाईल उघडता येते, आणि दहा अक्षरांत बसवण्यासाठी आखडलेली रकान्यांची नावे वरच्या ओळीत तशीच दिसतात.