पीएसए शंभरावर गेला म्हणजे किती दिवस उरले?

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या खेड्यात साठीतल्या शेतकऱ्याची कंबर धरली, की पहिले काही महिने ते दुखणं अंगमेहनतीच्या नावावर जातं. बाम, तालुक्याच्या डॉक्टरचं इंजेक्शन, पुन्हा बाम. पडून राहिलं तरी थांबेना, रात्री वाढू लागलं आणि वजन उतरलं, की मग एक्स-रे निघतो आणि मणक्यांवर पांढरे डाग दिसतात. पुढे नागपूर किंवा सेवाग्राम. फाईलमध्ये पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन) १८०, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडातून आणि यकृतातून रक्तात येणारं एन्झाइम) ९००, दोन्ही बरेच चढलेले, आणि मुलाचा प्रश्न: "आमच्या बुढ्याचं काही खरं हाय का, सायेब?"

या वयात हाडात सापडलेला कॅन्सर बहुतेक वेळा मुळात हाडाचा नसतो. प्रोस्टेट, स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून निसटलेल्या पेशी रक्तावाटे येऊन तिथे ठाण मांडतात. इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि मांडलं, की बी चहूकडे उडालं तरी मानवेल त्याच जमिनीत रुजतं. कपाशीवाल्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही. हाडाची जमीन मानवण्याचं कारण पुढे सापडलं. हाड रोज थोडं झिजतं, थोडं भरतं. गाठीतली रसायनं हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेतवतात. कुरतडलेल्या हाडातून वाढीचे घटक सुटतात आणि ते गाठीलाच पोसतात. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं हे चक्र अडवतात. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा उलट वागतो: तो नको तिथे नवं, पण ठिसूळ हाड घडवतो. एक्स-रेवरचे पांढरे डाग ते हेच. हाड घडवणाऱ्या पेशी कामाला जुंपल्या की रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं.

विदर्भात इथेच एक गोम आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्याचीही कंबर आखडते, मणके एक्स-रेवर पांढरेफटक दिसतात, अल्कलाइन फॉस्फटेज चढतं आणि बोन स्कॅनही उजळतो. ड जीवनसत्त्व कमी असेल किंवा यकृत बिघडलं असेल तरी हे एन्झाइम वाढतंच. म्हणून एवढ्यावर कॅन्सरचा शिक्का मारू नये. हाताचा एक्स-रे काढला तर फ्लोरोसिसमध्ये कोपर ते मनगटाच्या दोन हाडांमधल्या पडद्यात कॅल्शियम साठलेलं दिसू शकतं. खर्च किरकोळ, पण ही खूण बरंच सांगून जाते. पीएसए लघवीच्या जंतुसंसर्गानं किंवा साध्या वाढलेल्या प्रोस्टेटनंही वर जातो. शंका उरली तर तुकडा काढून (बायोप्सी) तपासावाच लागतो.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. पहिल्या दिवशीचा पीएसए आयुष्याबद्दल फारसं बोलत नाही. उपचारानंतर तो कुठवर उतरला, हे जास्त बोलकं असतं. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या हजाराहून जास्त रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००६) पुरुषी हार्मोन रोखणारे उपचार सुरू करून सात महिने झाल्यावर पीएसए पाहिला. तो ०.२ किंवा त्याखाली आलेल्यांपैकी निम्मे ७५ महिन्यांहून जास्त जगले. ०.२ ते ४ मध्ये थांबलेल्यांसाठी हाच आकडा ४४ महिने होता आणि ४ च्या वर राहिलेल्यांसाठी १३. सुरुवातीला १८० असलेला माणूस पहिल्या गटातही जाऊ शकतो. शिवाय हे जुन्या उपचारांचे आकडे आहेत. आता डोसेटॅक्सेल, ॲबिराटेरोन यांसारखी औषधं लवकर जोडतात आणि आयुष्य वाढतं. आणि ७५ म्हणजे मुदत नव्हे, अर्धे लोक त्याच्या पुढे गेले.

हाडात पसरलेल्या सगळ्याच कॅन्सरांसाठी जपानच्या कातागिरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सुधारलेली एक गुणपद्धती आहे. मूळ कॅन्सर कोणता, तो यकृत-फुप्फुस-मेंदूत गेला का, आधी केमो झाली का, किती हाडांत आहे आणि माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, हे त्यात पाहतात. जोडीला रक्ताचे अहवाल. कमी गुण असलेल्यांपैकी १०० मागे ९१ जण वर्षभरानंतर हयात होते, सर्वाधिक गुण असलेल्यांपैकी फक्त ६. मला यात आवडतं ते हे, की यातल्या तपासण्या सीआरपी, एलडीएच, अल्ब्युमिन, कॅल्शियम, प्लेटलेट, बिलिरुबिन अशा साध्या आहेत. नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी सहज तपासून होतो. मग तालुक्याच्या लॅबच्या बोर्डावर दिसणारं 'कॅन्सर मार्कर पॅकेज' कशाला? काही त्रास नसताना त्यातल्या सीईए, सीए-१२५ अशा रक्ततपासण्या करून घेतल्यानं खिसा हलका होतो आणि झोप उडते, एवढंच.

त्या यादीतलं कॅल्शियम मात्र घरच्यांनीही लक्षात ठेवावं. ते फार चढलं की रुग्णाला सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, तो पेंगतो, असंबद्ध बोलू लागतो. घरात कुजबुज सुरू होते, की आता काही खरं नाही. पण सलाईन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडनं तो दोन-चार दिवसांत पुन्हा नीट बोलताना अनेकदा दिसतो. पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला गेला असावा. त्या वेळी सकाळच्या एसटीची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.

नुसत्या दुखण्यासाठी रेडिएशन द्यायचं असेल, तर ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस बहुतेकांना अनेक दिवसांच्या कोर्सइतकाच आराम देतो. पुढे तो पुन्हा घ्यावा लागण्याची शक्यता थोडी जास्त, पण भामरागड किंवा धारणीहून येणाऱ्यानं "एकाच खेपेत होईल का?" हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.